दोन उजवे हात

नवऱ्याला जाऊन नववा दिवस होता, म्हणून उन्हं कलताच तर्तुला उकडलेली अंडी आणि दारूची सुरई घेऊन रोमजवळच्या ओस्तिया बंदराबाहेरच्या थडग्यांच्या रस्त्याला लागली. सोबत धाकटा भाऊ मारिनुस होता. पडत्या काळात तोच एक पाठीशी उभा राहिला, असं ती साऱ्या गल्लीला सांगत असे.

थडग्यातून मातीची नळी वर काढलेली होती, हात जाईल एवढी रुंद. मेलेल्याचा घोट तिच्यातून ओतायचा.

"प्या हो," दारू ओतत ती हळूच म्हणाली. "नदीपलीकडे पोचलात ना?"

मेलेल्यांना त्या नदीपार नेणाऱ्या नावाड्यासाठी लोक मेलेल्याच्या तोंडात तांब्याचं नाणं ठेवतात. तिने सोन्याचं ठेवलं होतं. त्यावर सलोख्याच्या देवीची खूण होती, एकमेकांना धरलेले दोन उजवे हात. लग्नात ते तिच्या तळव्यावर ठेवून नवरा, कालिस्तुस, म्हणाला होता, "मी आधी गेलो तर हे माझ्याबरोबर दे. याच खुणेवर तुला तिकडे शोधीन."

नळीत गुडगुडलं. ओल्या मातीचा कोंदट वास सुटला आणि दारू वर आली... तिच्याबरोबर काहीतरी टणकन दगडावर पडलं. तांब्याचं नाणं.

शवपेटी मिटण्याआधी जबडा बांधायला मारिनुस एकटाच आत थांबला होता.

"तू...?"

"ताई, सोनं मातीत घालायचं कशाला? मेलेल्याला काय कळतंय?"

"अरे, माझ्या पाठचा ना तू? माझ्या ताटात जेवलास की रे!" परक्याने लुबाडलं असतं तर तिने शिव्या घातल्या असत्या. आता तिला रडूही येईना. "काढ ते. तुझ्याच हाताने आत घाल."

कुरकुरत त्याने थैली सोडली. तिने पाहिलं, सोन्यावर आता एकच हात होता, उघडा. शेजारची जागा गुळगुळीत होती.

मारिनुसने नाणं मुठीत धरून हात कोपरापर्यंत नळीत घातला. नाणं पडल्याचा आवाज आला नाही. हातही वर आला नाही.

"ताई..." त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "भावजींना सांग ना... हात सोडा म्हणावं..."

तर्तुलाने दगडावरचं तांब्याचं नाणं उचललं आणि त्याच्या मोकळ्या तळव्यावर ठेवलं.

"हे असू दे जवळ. लागेल तुला."

ठेवताना तिची नजर त्यावर गेली. सम्राटाचा चेहरा पुसला गेला होता. तिथे एक हात उमटला होता, आणि त्याने कुणाचं तरी मनगट घट्ट धरलं होतं.