आडातले मासे

हुपरीत चांदीचं धुवण कुणी गटारात ओतत नाही. पैंजण घासून धुताना बारीक चांदी पाण्याबरोबर जाते. ते पाणी खड्ड्यात साठवायचं, गाळ बसू द्यायचा नि त्यातून चांदी काढायची, हा घरोघरचा शिरस्ता. संगमेशचा खड्डा परसात होता, पाण्याच्या आडाला लागूनच.

पुढं चांदी काळी पडू नये म्हणून कसलंसं औषध आलं. पैंजण त्यात बुडवून धुतले की झालं, मग त्यांवर पाण्याचा थेंबही ठरत नसे. त्या धुवणात चांदी औषधालासुद्धा नव्हती, पण धुवण फेकायचं म्हटलं की हुपरीच्या माणसाचा हातच उचलत नाही! तेही खड्ड्यातच जात राहिलं, वर्षानुवर्षं.

आडात नीलम्माचे मासे होते. संगमेशची ही आई, त्याची अव्वा, लग्न होऊन आल्यापासून त्यांना रोज कणकेच्या गोळ्या टाकायची आणि त्याच आडाचं पाणी प्यायची. नळाचं पाणी तिच्या घशाखाली उतरत नसे.

एके दिवशी गोळ्या तरंगतच राहिल्या, मासे वर येऊन धापा टाकत होते. संगमेशनं एक काढून चुरगाळली. पाण्यात राहूनही ती कोरडीच.

"ते औषध झिरपलंय आडात," त्याची बायको शांभवी म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. "उकळा न्हायतर गाळा, जात न्हाय ते. खड्डा बंद करा आधी. आणि मासे काढा."

मासे मेले तर अव्वा हाय खाईल, हे संगमेशला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं टँकर मागवून अंगणातला उथळ हौद तुडुंब भरला. भर दुपारी वेताची बुट्टी दोरीनं आडात सोडली, मासे वर ओढले. बुट्टीतून पाणी निथळत होतं, पायावर सांडत होतं. मासे मात्र कोरडे ठणठणीत. खवल्यांवर थेंब म्हणून नव्हता.

"उन्हानं असंल," तो म्हणाला.

त्यानं मासे हौदात सोडले. ते सरळ तळाला गेले. प्रत्येकाभोवती बोटभर जागा मोकळी राहिली. पाणी तिथवर यायचं आणि थांबायचं. तुडुंब हौदात मासे तोंड वासून पाण्यावाचून तडफडत होते.

संगमेशनं हातांनी पाणी त्यांच्याकडे ढकललं. पुन्हा ढकललं. त्याची बाही ओलीचिंब झाली. पाणी काही पुढं सरकेना.

एकेक मासा थांबत गेला.

"काय झालं रं, संगू?" नीलम्मा भिंतीला धरत अंगणात आली.

"काय न्हाय, अव्वा. तू आत जा की!"

ती कुठली ऐकतेय? काठावर बसली, पदर सावरला आणि माशाला उचलायला हात कोपरापर्यंत आत घातला.

शांभवीनं संगमेशचं मनगट घट्ट धरलं.

सुरकुतलेल्या हाताभोवती पाणी बोटभर मागं सरून उभं होतं.

नीलम्माचं तिकडं लक्षच नव्हतं. तिनं मासा ओंजळीत घेतला, मांडीवर ठेवला, कुरवाळला. डोळे भरून आले तिचे.

मग ती म्हणाली, "शांभवी, एक तांब्या पाणी दे गं. सकाळधरनं नुसतं पाणीच पितोय, पर तहान काय भागंना."