उजेडाकडे पाठ

"दार लाव आधी! आणि अशी पुढ्यात येऊ नको गो!"

शामरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि बकुळाच्या हातातला चहा कपातून बशीत सांडला. लग्नानंतर याच दारात ती बुजून उभी राहिली होती, तेव्हा हेच मामंजी म्हणाले होते, "आत ये पोरी, घर तुझंच आहे..." आणि आज!

माहेरपणाला आलेली नणंद शैला तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "वहिनी, बाबांना तुझं तोंडसुद्धा बघवत नाही हल्ली. केलंस तरी काय?"

काय केलं होतं तिनं? लालबागच्या चाळीतल्या या एका खोलीसाठी फणसवाडीचं माहेर सोडलं, सायन्सचं कॉलेज अर्ध्यावर टाकलं. गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं मामंजींची छाती पोखरली होती; धाप लागली की शेगडीवर धोतऱ्याची सुकी पानं टाकून तीच त्यांना धुरी द्यायची. मग धाप बसली की ते गॅलरीत येत आणि साऱ्या चाळीला संयुक्त महाराष्ट्राच्या बातम्या वाचून दाखवत. किती खणखणीत आवाज तो! मध्येच खोकल्याची उबळ आली की नळावरच्या बायका ओरडत, "शामराव, मुंबई मिळाली की नाय ते आधी सांगा, मगे खोका!" ते हसत, बकुळा हसे... कुठे गेले ते दिवस?

बकुळाला दिवस गेले आणि सगळंच बदललं. "धुरी नको, आता बरं वाटतं," म्हणून मामंजींनी शेगडीवरची पानं बंद करायला लावली. वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहू लागलं. डोळे चुरचुरतात, एवढंच ते सांगत, आणि ती समोर आली की मान फिरवत.

त्या दुपारी बकुळानं ट्रंक भरायला घेतली. नवरा, रामदास, पाळीवरून आला की म्हणायचं, मला आईकडे पोचवा. लुगड्यांची घडी घालता घालता तिचे हात थबकले. जिन्याकडून वास येत होता... कडवट, ओळखीचा!

जिन्याखालच्या काळोखात मामंजी उकिडवे बसले होते. धोतऱ्याची पानं बोटांनी चुरडून दुसरी विडी वळत होते, आणि त्याच बोटांनी डोळे चोळत होते! बकुळानं त्यांचा चेहरा अंगणातल्या उन्हाकडे वळवला. भर उन्हात बारीक व्हायला हव्यात त्या बाहुल्या केवढ्या मोठ्या, काळ्याभोर झालेल्या...

"मामंजी, हा धोतरा गेलाय डोळ्यांत! म्हणून उजेड सोसत नाही, जवळचं दिसत नाही. आधी हात धुवा!"

"म्हणजे... मी आंधळा नाय होणार?"

"नाही हो! पण इथे का बसलात चोरून?"

शामराव खाली बघत राहिले. "धुरीनं तुला ओकाऱ्या यायच्या. पोटात माझं नातवंड... सांगितलं असतं तर तू परत शेगडी पेटवली असतीस. आणि दार उघडून आलीस की डोळ्यांत सुया टोचायच्या गो! तुझ्यावर कसला राग धरू मी?"

बकुळा पायरीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मागून शैला साबण-पाणी घेऊन आली होती. तिनं बापाचे हात धुतले आणि पदरानं वहिनीचे डोळे पुसले. ट्रंक तिनंच रिकामी केली.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, धोतरा बंद केला आणि धापेवर दुसरं औषध दिलं. हळूहळू डोळे निवळले. मग एका सकाळी शामराव वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत बसले. नळावरून हाक आली, "वाचा की हो!"

"थांबा गो बायांनो. बकुळे, आत काय उभी? बाहेर ये, उजेडात."

त्या दिवशी बातमी काय होती, ते बकुळाला पुढे कधीच आठवलं नाही. आठवत राहिलं ते एवढंच... उन्हात उभी ती, हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून तिच्याकडे बघणारे मामंजी, आणि त्यांचे शब्द.

"केवढी वाळलीस गो, पोरी!"