सत्रातली शिळी प्रत

शकुंतलाबाई हुक्केरींच्या दंडावरची औषधपट्टी दर तासाला रुग्णालयाच्या संगणकाला विचारत असे, आता किती औषध सोडू? उत्तर येई, तेवढंच औषध त्वचेतून आत जाई. मिरज भागातली अठरा हजार माणसं अशी पट्टी लावून शेतात, कारखान्यात, लग्नकार्यात निर्धास्त वावरत होती.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास शकुंतलाबाई भाजी निवडता निवडता कोसळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीची प्रणाली लिहिणारी केतकी बनसोडे डॉ. इरफान मुल्लांसमोर बसली होती. डॉक्टर रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

"आता कशा आहेत त्या?" तिने विचारलं.

"शुद्धीवर आल्यात. पण डायलिसिस चालू आहे. काल अकरा वाजता अहवाल आला, किडनी मंदावली होती, औषध अंगात साचू लागलं होतं. संगणकाने डोस निम्मा केला, तो मी मंजूर केला. दुपारी मी फक्त त्यांचा फोन नंबर बदलला, मॅडम. डोस परत पूर्ण कसा झाला? नोंदीवर नाव माझं आहे!"

केतकीने नोंदी उघडल्या. सव्वानऊला डॉक्टरांनी शकुंतलाबाईंची माहिती पाहिली होती. अकराला डोस घटला. एक चाळीसला नंबर बदलला. तिने तिन्ही वेळा पुन्हा एकदा तपासल्या.

"तुम्ही सकाळी लॉगिन केलंत की तुमचं सत्र सुरू होतं, ते लॉगआउट करेपर्यंत चालतं," ती सावकाश म्हणाली. "पेशंटची माहिती दर वेळी मुख्य भांडारातून आणायला दोन सेकंद लागायचे. म्हणून तुम्ही एकदा पाहिलेल्या माहितीची प्रत मी तुमच्या सत्रातच ठेवत होते. अकराला तुमची मंजुरी थेट भांडारात गेली, तिथली माहिती बदलली. प्रत सकाळचीच राहिली. तुम्ही नंबर बदललात आणि ती अख्खी शिळी प्रत ताज्या माहितीवर लिहिली गेली."

"म्हणजे नंबर नवा आणि डोस जुना?"

"हो."

तिचा फोन थरथरला. कार्यालयातून तिचे वरिष्ठ सारंग सर यांचा निरोप होता, 'चौकशी होईपर्यंत काही बोलू नकोस.' तिने फोन पालथा ठेवला.

"चूक माझी आहे, डॉक्टर. सत्रात पेशंटचा नोंदणी क्रमांक तेवढा ठेवायचा आणि माहिती दर वेळी ताजी आणायची, एवढंच करायला हवं होतं. चौकशी समितीला मी लेखी देते."

डॉक्टर खुर्चीतून उठले. राग होता, पण तो कुठे काढावा हे त्यांना कळत नसावं. "हे किती दिवसांपासून असं आहे?"

"दोन वर्षं."

"मग बाकीच्यांचं काय? कुणाकुणाचं असं झालंय, त्यांची यादी काढा!"

"वेळांच्या नोंदी सातच दिवस राहतात." केतकी म्हणाली. "त्याआधीचं काही कळणार नाही. खरी माहिती पुसली जाते, आणि उरते ती अगदी खऱ्यासारखीच दिसते."

"सगळ्या पट्ट्या बंद करा."

"केल्या तर अठरा हजार माणसांचं औषध थांबेल. साखरेचं, हृदयाचं, फिटचं."

भिंतीवरच्या घड्याळात अकराला नऊ मिनिटं कमी होती. अकरा वाजले की अठरा हजार पट्ट्या पुन्हा तोच प्रश्न विचारणार होत्या. त्यांना काय उत्तर द्यायचं?