नजर, श्वास, वार

यशोधन फक्त टेबल परत करायला आला होता.

मित्राच्या मुलाच्या बारशासाठी अमेरिकेतल्या हर्नडनच्या मराठी मंडळाचं फोल्डिंग टेबल नेलं होतं, तेच. ऑक्टोबरातला शनिवार, दुपारची वेळ, बाहेर बारीक पाऊस. मंडळाचं सामान नीना मावशींच्या बेसमेंटमध्ये असायचं; दार उघडंच होतं. तो टेबल डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरला आणि… एक लाकडी तलवार त्याच्या छातीशी येऊन थांबली.

तलवारीच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी होती. डोक्याला लाल रुमाल, कपाळावर घाम.

"सॉरी," ती म्हणाली, पण तलवार काढली नाही. "उंची किती तुझी?"

"पाच दहा. का?"

"मावशी, मिळाला."

दिवाळीच्या कार्यक्रमात मावशींचं वीस मिनिटांचं नाटक होतं, समुद्री चाच्यांचं. हिरो होता नकुल, आणि त्याची त्याच सकाळी पाठ धरली होती. यशोधनने आपल्याला अभिनय येत नाही असं दोनदा सांगितलं. मंडळात ते कुणी ऐकत नाही.

मावशींच्या बेसमेंटमध्ये एक कपाट भरून हॉलिवूडचे जुने चाच्यांचे सिनेमे होते. मावशींनी आणि काकांनी अमेरिकेत आल्यापासून ते गोळा केले होते. काका दोन वर्षांपूर्वी गेले. कपाट तसंच होतं. मावशींनी नव्या हिरोच्या हातात चिवड्याची बशी दिली आणि त्यातला एक सिनेमा लावला.

स्टुडिओच्या हौदातला समुद्र, रंगवलेलं आकाश, आणि एवढी मारामारी करूनही हिरोचा शर्ट पांढराशुभ्र. यशोधनला आधी हसू आलं. मग हिरोने शिडात खंजीर खुपसला आणि शीड टराटरा फाडत तो वरून खाली घसरत आला… यशोधनचा चिवड्याचा हात मध्येच थांबला.

"हसत होतास ना मघाशी?" शेजारून आवाज आला.

तिचं नाव नीलांबरी. मूळची नागपूरची, इथे सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. सिनेमातले सगळे संवाद ती ओठातल्या ओठात म्हणत होती. एवढं काय आवडतं यात, असं त्याने विचारलं.

"मी दिवसभर परवानग्या मागते," ती म्हणाली. "मॅनेजरची, क्लायंटची. नोकरी बदलायची तर वकिलाची, आईला भेटायला जायचं तर व्हिसाच्या स्टॅम्पची. आणि हा बघ — दोर धरला की पलीकडचं जहाज."

नाटकातली तलवारबाजी तीच शिकवायची; कम्युनिटी कॉलेजात शिकली होती. नियम एकच होता. आधी नजर, मग श्वास, मग वार. समोरच्याने नजर दिली नाही तर तलवार हलवायची नाही, काहीही झालं तरी.

यशोधन तलवारीकडेच बघायचा. तिने त्याच्या बोटांवर दोनदा फटका दिला.

"तलवारीकडे काय बघतोस? माझ्याकडे बघ."

"ते जास्त डेंजरस वाटतंय."

ती हसली नाही. पण पुढचा वार तिचा चुकला.

मग तो शनिवारची वाट बघायला लागला. सोमवारीच. ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली त्याचे पाय पावलं मोजायचे. तिसऱ्या शनिवारी पाणी पिताना त्याला सुचलं ते तो बोलून गेला.

"तुझे हे चाचे… तेही परवानगी मागतात की. प्रत्येक वाराआधी. फक्त डोळ्यांनी मागतात."

नीलांबरीने डोक्याचा रुमाल सोडून परत बांधला, आणि उलटाच बांधला.

त्याच आठवड्यात त्याला ऑफिसने क्युपर्टिनोचं विचारलं, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. मोठी पोस्ट, उत्तर सोमवारपर्यंत. कार्यक्रम शनिवारी होता. पुठ्ठ्याचं जहाज उचलताना त्याने मावशींना सांगितलं. नीलांबरीला सांगितलंस का, त्यांनी विचारलं. नंतर सांगतो, तो म्हणाला.

"'नंतर' हा शब्द मला आता आवडत नाही," मावशी म्हणाल्या आणि शिडाची घडी घालत राहिल्या.

मग त्याने ठरवलं, पडदा वर जायच्या आधी सांगायचं. पण मिशी लावायला वेळ लागला. तो विंगेत पोचला तेव्हा ती समोरच उभी होती. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्याच ऑफिसातल्या, साउंड सांभाळणाऱ्या अंकुरने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"क्युपर्टिनोला चाललास म्हणे यार. पार्टी कधी?"

नीलांबरीने ते ऐकलं. ती वळली आणि स्टेजवर गेली.

शाळेचं सभागृह भरलेलं. संवाद तिने बिनचूक म्हटले. तलवारी वर गेल्या. आणि तिची नजर… त्याच्या शर्टाच्या बटणावर. वर येईचना.

नजर नाही तर वार नाही. यशोधन थांबला. लोक खोकायला लागले. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "मॉम, व्हाय डिड दे स्टॉप?"

"मी अजून हो म्हटलेलं नाही," तो कुजबुजला. "आधी तुला विचारायचं होतं. घाबरलो."

"मग विचार."

"आधी नजर दे."

तिने वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि पाण्याच्या मागे खोडकरपणाही. श्वास… आणि वार. लाकडावर लाकूड असं वाजलं की सभागृहात शिट्ट्या सुरू झाल्या. तिने त्याला डोलकाठीपर्यंत मागे रेटलं, त्याने तिला परत जहाजाच्या टोकापर्यंत आणलं. एवढ्या वेगात ती लढाई तालमीत कधीच झाली नव्हती. प्रत्येक वाराआधी ती बघत होती, तो बघत होता.

शेवटी दोघांनी दोर धरला. आता हिरोचं वाक्य होतं, "सुंदरी, हे जहाज आता मी नेईन तिकडे जाईल." मावशींनी ते मोठ्या हौसेने लिहिलं होतं.

यशोधनने ते म्हटलं नाही.

"जहाज कुठे न्यायचं?" त्याने विचारलं.

विंगेतून मावशींचा आवाज आला, वाक्य चुकलं म्हणून. नीलांबरीने दोरावरचा हात सरकवून त्याच्या हातावर ठेवला.

"कुठेच नाही. इथेच नांगर टाक."

"टाकला."

टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. मावशींना कळलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. या सगळ्यात पडदा पाडायचा राहून गेला.

आणि पडदा पडेना म्हणून ती दोघं तशीच उभी राहिली, एकमेकांकडे बघत.

नियमच होता तसा.