बुवा आज आरवलेच नाहीत

या, जरा पुढे सरकून बसा. लांब भिंतीला टेकून ऐकण्यातली ही गोष्ट नाही, हिच्यात कुजबुज फार आहे. शहरात येऊन गप्प बसायला शिकलेल्या एका कोंबड्याची गोष्ट, आणि त्याच्या नावावर आपल्या मनातलं बोलून घेणाऱ्या दोघांची. गोड आहे, घाबरू नका. देवालाही गोड गोष्टी आवडत असणार, नाहीतर त्यानं माणसाच्या गालांना लाल व्हायला कशाला शिकवलं असतं?

तर ऐका. एका मोठ्या शहरात, अरुंद जिन्याच्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर एक मुलगी शिवणकाम करायची. दोन खोल्या, एक गॅलरी, खिडकीशी मशीन. शाळेचे गणवेश, ऑफिसचे पडदे, कुणाच्या पँटची उसवलेली शिवण, सगळं तिच्याकडे यायचं. वयानं पोरसवदाच होती, पण दारावर पाटी लागल्या दिवसापासून सगळे तिला टेलरबाई म्हणत, आणि तीही त्या हाकेला ओ देई.

तिची आई ती लहान असतानाच गेली. तिला वाढवलं आत्यानं. ही आत्या गावी एकटीच राहायची. एका सकाळी पायरीवरून घसरली आणि दुपारपर्यंत तिथंच पडून राहिली. हाक ऐकायला कुणी नाही. टेलरबाईला हे कळलं तेव्हा तिच्या हातातली कात्री तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती गावी हजर.

"आता माझ्याकडे चल."

"येते," आत्या म्हणाली. "पण बुवा पण येणार."

बुवा म्हणजे कोंबडा. कोंबडी मांजरानं नेली, मागे एक अंडं उरलं. आत्यानं ते कापसात गुंडाळून दिव्याच्या उबेत ठेवलं आणि त्यातून हे पिल्लू निघालं. मोठं झालं, आणि गळा असा फुटला की एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही, म्हणून बुवा.

"अगं, शहरात कोंबडा कुठं ठेवायचा?"

"आई नसलेल्याला मागे कसं टाकू?" आत्या म्हणाली. "तुला टाकलं होतं का?"

बुवा आला.

तळमजल्यावर घरमालकीणबाई राहत. त्या वाईट नव्हत्या बरं का, फक्त शब्दाच्या पक्क्या होत्या. पिशवीतून बाहेर आलेला तुरा बघून त्यांनी एकच अट घातली, "इमारतीतून एक जरी तक्रार माझ्या कानावर आली, तर कोंबडा गेला पाहिजे. मग मला विनवायचं नाही."

आणि कोंबडा गेला की आत्या जाणार. पुन्हा ते घर, पुन्हा ती पायरी. टेलरबाईच्या जिवाला तेवढाच घोर होता.

पहिल्याच आठवड्यात एका पहाटे बुवा गॅलरीतून निसटला आणि थेट जिना उतरून गेला. टेलरबाई अनवाणी त्याच्यामागे. खालच्या मजल्यावर एक दार उघडं होतं. दारात एक तरुण उभा. अंगावर बस ड्रायव्हरचा गणवेश, एक डोळा मिटलेला, दुसरा कसाबसा उघडा. काखेत बुवा.

"हे... तुमचे का?"

"हो. म्हणजे, आत्याचे."

"माझ्या उशीवर बसले होते. म्हटलं, चला, रोज लांबून ऐकतो, आज बैठक घरातच."

टेलरबाईला हसू आलं, पण लगेच मावळलं. "रोज... ऐकू येतं?"

"अहो, मी रात्रीची बस चालवतो. पहाटे घरी येतो. मी डोळा मिटायचा आणि यांनी गळा उघडायचा, असं आमचं ठरलेलंच आहे. काल सिग्नल हिरवा होता की मला नुसता तसा वाटला, हे अजून माझं नक्की होत नाहीये."

तो हसत म्हणाला, पण टेलरबाई हसली नाही. याच्या भरवशावर बसभर माणसं माना टाकून झोपतात... तिनं जिन्यातून खाली नजर टाकली. "जरा हळू बोला ना."

"का? कुणी झोपलंय?"

"थोडे दिवस द्या मला. मी काहीतरी करते."

"काय करणार? समजूत घालणार यांची?"

"माप घेणार," टेलरबाई म्हणाली आणि बुवाला घेऊन वर पळाली.

घरमालकीणबाईंची अट तिनं त्याला सांगितली नाही. सांगितली असती, तर तो भला माणूस दयेपोटी गप्प बसला असता आणि जागरण करत बस चालवत राहिला असता. तिला त्याची दया नको होती. त्याला झोप हवी होती.

उपाय आत्याकडेच होता. कोंबड्याला आरवायचं तर मान ताणून उंच करावी लागते आणि छातीतली हवा एका दमात सोडावी लागते. पहाटे त्याला ठेंगण्या खोक्यात ठेवलं तर मान ताणता येत नाही. दिवसा गळ्यात मऊ पट्टी असली तर आवाज निम्म्यात विरतो. "पण त्याला दुखता कामा नये हं," आत्यानं बजावलं. हे ऐकून ड्रायव्हरही मदतीला वर आला; त्यानं डेपोतून एका मोडक्या सीटचा फोम आणला, टेलरबाईनं पडद्याचं उरलेलं जाड कापड काढलं, आणि खोकं असं सजलं की त्यात आपणच झोपावं असं वाटावं.

मग पट्टीचं माप. ड्रायव्हरच्या मांडीवर बुवा, टेलरबाईच्या हातात टेप.

"घट्ट नको. एक बोट सहज आत गेलं पाहिजे," ती म्हणाली आणि बोट घातलं. नेमकं त्याच वेळी त्यानंही घातलं. त्या गरम, मऊ पिसांत दोन बोटं भेटली...

"तुमचं काढा."

"आधी तुमचं."

"माझं मापासाठी आहे."

"माझं खात्रीसाठी आहे."

बुवानं एका डोळ्यानं हिच्याकडे पाहिलं, मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. बोटं मात्र दोघांनीही जरा सावकाशच काढली.

पट्टी बसली. बुवा ऐटीत उभा राहिला, मान उंचावली, चोच उघडली, आणि आतून आली ती जुन्या कपाटाच्या दाराची करकर! बुवा स्वतःच दचकला. इकडेतिकडे बघू लागला, की हे कोण बोललं? ड्रायव्हर हसता हसता जमिनीवर बसला. टेलरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

आत्याला कमी ऐकू यायचं. तिनं विचारलं, "आरवला का गं?"

"नाही, आत्या!"

"काय?"

"ना—ही!"

एवढ्या मोठ्यानं, की खालच्याच्याही खालच्या मजल्यावर कुणाची तरी खिडकी उघडली.

त्या दिवसापासून इमारतीत शांतता झाली. ड्रायव्हरला झोप लागू लागली, त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. टेलरबाईला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि तरी मशीनचं चाक फिरवताना तिचं लक्ष जिन्याकडेच. त्याचे शर्ट शिवून झाले होते, तुटकी बटणंही लावून झाली होती, आता तो कशाला येईल? पट्टी छान बसली होती. तिला पहिल्यांदाच वाटलं, आपण एखादं काम थोडं वाईट करायला हवं होतं.

आणि एका सकाळी दारावर टकटक. गॅलरीबाहेर पाऊस भुरभुरत होता, त्याच्या केसांवर थेंब होते, शर्टाला डिझेलचा आणि ओल्या रस्त्याचा वास. घरी न जाता तो सरळ वर आला होता.

"टेलरबाई, तक्रार आहे."

तिनं घाईनं जिन्यात डोकावून पाहिलं. "काय झालं?"

"बुवा आज आरवले."

"कधी?"

"मी झोपलो होतो तेव्हा."

"तुम्ही तर आत्ता कामावरून येताय!"

तो क्षणभर गडबडला. "म्हणजे... काल. झोपेत."

"झोपेत ऐकलंत?"

"वरच्या पट्टीत होते. शेवटी तर ताना घेत होते."

बुवा तिच्या पायाशी निमूट दाणे टिपत होता. टेलरबाईनं ओठ घट्ट मिटले, कारण हसू फुटलं असतं तर खेळ संपला असता. "बरं. पट्टी बघते परत. चहा घेणार?"

"तक्रार आणलीये, म्हणजे बसावं तर लागेलच."

मग हे रोजचंच झालं. कधी बुवा आरवायचे, कधी नुसते खाकरायचे, एकदा तर "आरवतील असं वाटलं" म्हणून त्याला झोप लागली नव्हती. टेलरबाई गंभीर चेहरा करून पट्टी तपासायची, तो गंभीर चेहरा करून तिच्या हातांकडे बघायचा. तो खोटं बोलतोय हे तिला ठाऊक होतं. ती अट त्याला ठाऊक नव्हती. सांगायला हवं, असं ती रोज ठरवायची... आणि उद्या तो आलाच नाही तर, या भीतीनं रोज पुढे ढकलायची.

एके दिवशी तो दारात उभा राहून नाटकीपणानं कपाळ धरून म्हणाला, "आज मात्र हद्द झाली, टेलरबाई! झोपेचं पार खोबरं झालं!"

"शू..." ती म्हणाली.

पण उशीर झाला होता. घरमालकीणबाई गच्चीवरची टाकी बघायला गेल्या होत्या. ड्रायव्हर हसत खाली उतरून गेला आणि वरच्या पायऱ्यांवरून त्या उतरल्या.

"ऐकलं मी. तक्रार आली, टेलरबाई. आपलं काय ठरलं होतं?"

"अहो, पण ते खरं—" ती अडखळली. खरं नाही म्हणायचं, तर त्याला खोटा ठरवायचं. तो खोटं का बोलतो, आणि आपण ते रोज चहासोबत का पिऊन टाकतो, हेही सांगायचं.

"खरं काय?"



आत्या बाहेर आली. "काय झालं?"

"तुमचा कोंबडा आरवला!" घरमालकीणबाई मोठ्यानं म्हणाल्या. "ड्रायव्हरची झोप मोडली!"

आत्याचा चेहरा उतरला. "मला मेलीला ऐकू कुठं येतं? आरवला असेल. त्या पोराच्या हातात किती माणसांचे जीव..." वाद नाही, विनवणी नाही. ती आत गेली आणि पिशवी काढून लुगडी घड्या करू लागली. "मी जाते गं. तू येत जा अधूनमधून."

टेलरबाईनं ती पिशवी पाहिली मात्र, आणि जिना उतरली. ड्रायव्हरच्या दाराशी तिचा हात थबकला. ज्या झोपेसाठी एवढा खटाटोप केला, तीच आता आपण मोडायची... तिनं डोळे मिटले आणि दार बडवलं.

तो केस विस्कटलेला, उशीची वळी गालावर घेऊन बाहेर आला. "काय झालं? बुवा बरे आहेत ना?"

"आज ते आरवले का?"

त्याला वाटलं, खेळच चाललाय. "आरवले म्हणजे काय, चांगला तासभर—"

"थट्टा नको. तुमच्या तक्रारीवर आत्याचं इथलं राहणं होतं. घरमालकीणबाईंनी ऐकलं. आत्या निघालीये." तिनं जिन्याकडे बोट केलं. "मी आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तुम्ही यायचे थांबाल म्हणून."

त्याची झोप एका क्षणात उडाली. चप्पलसुद्धा न घालता तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

"मालकीणबाई, बुवा आज आरवलेच नाहीत! कालही नाही. पट्टी लागल्यापासून एकदाही नाही. मी खोटं बोललो."

"रोज?"

"रोज. सुट्टीच्या दिवशी दोनदा."

"का?"

ड्रायव्हरनं एकदा टेलरबाईकडे पाहिलं, एकदा बुवाकडे. मोठ्ठी बस गल्लीबोळातून सहज काढणारा माणूस, पण हे वळण त्याला निघेना. "म्हणजे... वर यायचं तर काहीतरी काम हवं ना. माझे सगळे शर्ट यांनी शिवून झाले होते. बटणं मी स्वतः तोडून आणली, तीही लावून झाली. मग उरले बुवाच."

आत्या हातात अर्धवट घडी धरून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. "काय म्हणतोय तो?"

"आत्या, बुवा आरवला नाही!"

"काय?"

"बुवाचा त्याला त्रास नाही!"

"मग रोज कशाला येतो?"

टेलरबाईनं ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. हे कुजबुजीत सांगण्यातलं होतं हो, पण आत्यापुढे कुजबुज चालते कुठं? तिनं श्वास भरून घेतला.

"त्याला... मी आवडते!"

"कोण आवडतं?"

"मी! मी आवडते त्याला!"

जिन्यात ते शब्द वरून खालपर्यंत घुमत गेले. पाठोपाठ दारं उघडल्याचे आवाज. आत्या मात्र शांतपणे म्हणाली, "ते मला ठाऊक आहे. पट्टी बघायला यायचा आणि पट्टीकडे एकदाही बघायचा नाही. मला ऐकू येत नाही, दिसतं चांगलं. मी विचारते, तुला?"

टेलरबाईनं पदर, दार, मशीन सगळ्यांचा आधार शोधून पाहिला. मग सरळ त्याच्या डोळ्यांत बघत, आत्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मलाही!"

घरमालकीणबाईंनी घसा खाकरला. "माझी अट तक्रारीची होती. ही काही तक्रार नव्हे, हा अर्ज झाला. आणि अर्ज, ड्रायव्हरसाहेब, आत्यांकडे द्यायचा असतो. आत्या, ती पिशवी ठेवा बघू आत."

ड्रायव्हर आत्यासमोर वाकला. आपला अर्ज ओरडून सांगायचा धीर त्याला नव्हता. आत्यानं त्याच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "जा, आधी झोप. झोप झाली की ये. आता काम असलं पाहिजे असं नाही."

पण तो खाली गेलाच नाही. तिथंच, शिवायला आलेल्या पडद्यांच्या ढिगाला टेकून, चहा येईपर्यंत गाढ झोपला. टेलरबाईनं मशीन थांबवलं. त्या दिवशीचे गणवेश तिनं हातानं शिवले, सुईचाही आवाज न करता.

असं झालं बघा. आता उठायच्या आधी एवढंच करा. उद्या सकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घ्यालच. त्यांच्या शेवटी एक क्षण त्या आत्यासाठी ठेवा. आई नसलेली तीन लेकरं तिनं पदराखाली घेतली. तिसरं ते बस चालवणारं; त्यालाही आई नव्हती, हे तिला मागाहून कळलं. तिची आठवण ठेवा.