भोंग्यातली जत्रा

दिग्रसच्या बसस्टँडमागे संघदीपचं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, कुलर, इन्व्हर्टर, जे येईल त्याला तो नाही म्हणत नाही. पण त्याचा जीव रमतो तो आवाजाच्या जुन्या मशीनांत. यंदा उन्हाळा लागायच्या आधी त्याने माळ्यावरून बाबांचा ॲम्प्लिफायर खाली काढला. व्हॉल्व्हचा, लोखंडी पेटीचा, दोघांनी मिळून उचलावा असा. त्याचे बाबा, उकंडा, लग्नांना आणि जत्रांना भोंगे लावायचे. गेल्या पावसाळ्यात ते गेले, आणि काही महिन्यांनी आई आपणहून म्हणाली, "तुह्या बाबाचं मशीन चालू कर. जयंतीले विहारात वाजू दे."

संघदीपला नवल वाटलं, कारण घरात त्या मशीनचं नाव कोणी काढत नसे. त्याच्या जन्माआधीची गोष्ट. घाटंजीच्या जत्रेत त्याची मोठी बहीण दीपा बाबांसोबत गेली आणि दुपारी दिसेनाशी झाली. बाबांनी याच मशीनवरून घसा फाटेस्तोवर तिला हाका मारल्या. सापडली ती दुकानांमागच्या बिनकठड्याच्या विहिरीत. त्यानंतर मशीन माळ्यावर गेलं ते गेलंच. दीपाचा फोटो बैठकीत आहे, पांढऱ्या झग्यातला, चंदनाचा हार घातलेला. आई, म्हणजे प्रभावती, चहाआधी उठून पदराने त्याची काच पुसते आणि मगच कप तोंडाला लावते. त्या पोरीला एकदा परत पाहावं, याखेरीज तिने आयुष्याकडे काही मागितलं नाही.

मशीनने संघदीपचा चांगला घाम काढला. आत उंदरांनी संसार थाटून मोडला होता. फुगलेले कंडेन्सर त्याने सगळे बदलले, तडकलेल्या वायरी काढल्या, एक व्हॉल्व्ह नागपूरहून मागवला. थोडी सुधारणाही केली. अर्थिंगची तीन पिनी वायर दिली, आणि पोरांना मोबाईलवरून गाणी लावता यावीत म्हणून एका कोपऱ्यात ब्लूटूथची पट्टी बसवली. बाबांनी पाहिलं असतं तर कान पिळला असता. पण त्यांनी वायरींच्या जुडग्यांना मेणदोऱ्याने मारलेल्या गाठी दिसल्या की त्याला भरून यायचं. आपले हात आपल्याला कुठून मिळाले, ते त्याला आत्ता कळत होतं.

असं मशीन एकदम विजेवर टाकत नाहीत. मध्ये सिरीजचा बल्ब ठेवतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख जळत राहतो, सगळं ठीक असेल तर पेटून मंद होतो. भोंगा जोडून त्याने बटण दाबलं. बल्ब पेटला, मंदावला. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. भोंग्यात गुणगुण नाही, खरखर नाही. संघदीप स्वतःवरच खूश झाला.

मग भोंग्यातून बारीक कलकल येऊ लागली. माणसांची. माईक तर जोडलेलाच नव्हता. जुनी मशीनं कधीकधी रेडिओ पकडतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने ब्लूटूथची पट्टी काढली, अर्थिंग पुन्हा तपासली. कलकल तशीच राहिली. त्यात पिपाण्या होत्या, आणि एका लाकडी पाळण्याची कुरकुर, वर जाताना बारीक, खाली येताना जाड. सिरीजचा बल्बही त्या कुरकुरीबरोबर तेज-मंद होत होता. त्याने बटण बंद केलं आणि त्या दिवशी दुकानही लवकर बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाकी गणवेशातल्या एक बाई दुकानात आल्या. नाव जमनी, एसटीत कंडक्टर, घाटंजीकडच्या बंजारा तांड्यावरच्या. संघदीपने मशीनचा फोटो मोबाईलवर स्टेटसला ठेवला होता, तो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेला होता. हातात नारळ होता.

"उकंडाभाऊचं मशीन ना हे? मले तुमच्या मायले भेटाचं हाये. लय उपकार हायेत त्याहिचे."

"आईचे? कसे काय?"

"घाटंजीच्या जत्रेत मी चुकली होती. लहान होती. भोंग्यातून एक बाई बोलली, माह्या नावानं, आमच्या गोरबोलीत. थांब म्हणे, पुढं विहीर हाये, माघारी फिर, पाळण्यापाशी ये. माह्या बापानं उकंडाभाऊचे पाय धरले, त ते म्हणे, मी त गाणं लावलं होतं, इथं कोणी बाई नाही. मंग मले वाटलं, त्याहिची बायको असन."

संघदीपने पक्कड खाली ठेवली. "आई त्या जत्रेत नव्हती. अन् तिले तुमची बोली येत नाही." मग त्याने विचारलं, "तुमच्यासंग कोणी होतं?"

"एक पोरगी होती, पांढऱ्या झग्याची. मी रडून राह्यली होती म्हणून तिनं माहा हात धरला होता. मी पयाली, तिचा हात सुटला. मंग दिसली नाही."

संघदीपला घरचा फोटो दिसत होता. बाबांचा माईक त्याने मशीनला लावला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि बटण दाबलं.

बल्ब पेटला, मंदावला. कलकल आली. पिपाण्या आल्या.

"पाळणा," जमनीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

मग भोंग्यात एक लेकरू रडू लागलं. हुंदके देत, चालत चालत. पायाखाली वाळलं गवत मोडत होतं.

रडतं लेकरू ऐकून जमनीबाईंना राहवलं नाही. त्यांनी माईक हातात घेतला आणि भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात, आपल्या गोरबोलीत, त्या बोलल्या. जमनी, थांब. पुढं विहीर आहे. माघारी फिर, पाळण्यापाशी ये.

हुंदका अर्ध्यात थांबला.

"याडी?" भोंग्यातून आलं. आई?

जमनीबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. लहान पावलं पळत पळत दूर गेली, पाळण्याच्या दिशेने.

पण भोंग्यात अजून कोणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत होता.

"ए, काय म्हणते ते बाई?" एका मुलीने विचारलं. वऱ्हाडीत.

तिला कोणी उत्तर दिलं नाही. गवतावर एक पाऊल वाजलं. मग आणखी एक.

संघदीपने माईक ओढून घेतला. "ताई!"

पाऊल थांबलं नाही. तिला ताई म्हणणारा अजून जन्मायचा होता.

"दीपा! दीपा, पुढं विहीर हाये! माघारी फिर. बाबापाशी ये, दीपा!"

बल्ब लख्ख पेटला आणि फुटला.

भोंगा गप्प झाला. व्हॉल्व्ह काळे पडत गेले. जमनीबाईंनी मशीनपुढे नारळ ठेवला आणि हात जोडले. "मीच होती त मंग ते," त्या म्हणाल्या. गाडीची वेळ झाली तशा डोळे पुसून निघाल्या. संघदीपनेही हात जोडले, कोणाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

तो घरी गेला तेव्हा आई चहा गाळत होती.

"दीपाचा फोन आलता, लोहाऱ्याहून," ती सहज म्हणाली. "जयंतीले येते म्हणे, पोराईले घेऊन. तिची खोली झाडून ठेव."

संघदीप दारातच खाली बसला. त्याला रडू आवरेना. बाबांचे, त्या बाईंचे, कोणाकोणाचे उपकार मानावेत, त्याला सुचेना.

"काहून रडून राह्यला रे? अन् मले सांग, हा हार कोणाचा हाये? कोणं लावला इथं?"

त्याने वर पाहिलं. बैठकीच्या भिंतीवर खिळ्याला चंदनाचा हार लटकत होता. आत फोटो नव्हता.

प्रभावतीने कप उचलला. तोंडाशी नेला, थांबली, परत खाली ठेवला. मग ती उठली आणि हाराच्या आतली कोरी भिंत पदराने पुसू लागली.