लिनक्सची शिकवणी

बुधवार पेठेतल्या दुकानदाराने माझा लॅपटॉप परत सरकवला. "भंगारात द्या."

"लिनक्स टाका, धावेल!" शेजारून आवाज आला. उंच, सावळा, विस्कटलेल्या केसांचा...

"आणि बिघडला तर?"

"अजून काय बिघडायचं राहिलंय?"

"गप्पा बाहेर मारा," दुकानदार म्हणाला.

तो प्रज्ञेश. अकोल्याचा, इथे नोकरीला. रविवारी बिबवेवाडीच्या वाचनालयात कॉम्प्युटरला घाबरणाऱ्यांना लिनक्ससारखं मोकळं, मोफत सॉफ्टवेअर शिकवायचा. मी बालवाडीत शिकवते. मला मुलांसाठी कॉम्प्युटरवर चित्रं काढायची होती, म्हणून मीही जाऊ लागले. माझा माउस भलतीकडेच जायचा, मग तो मुद्दाम दुसरीकडे बघायचा.

"उत्कर्षाबाई, माउस चावत नाही हो."

"तुम्ही तर चावत नाही ना?"

तो लाजला... आणि मी रविवारची वाट पाहू लागले.

एकदा मी धीर करून एक चित्र काढलं. तो स्क्रीनला अगदी नाक लावून बघत राहिला.

"ओळखा ना—"

"मला... नीट दिसत नाही, उत्कर्षा." डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. इलाज नव्हता. नोकरी सोडून तो भावाकडे अकोल्याला जाणार होता.

"मग मी सांगते. दोन खुर्च्या आहेत. एकीवर तू, एकीवर मी. हात... हातात."

तो खुर्चीत मागे सरला. "मलाही तू आवडतेस. म्हणूनच जातोय."

"माझं ठरवणारा तू कोण?"

"तुझं नाही गं... माझं ठरवतोय."

मग आम्ही त्याच्या लॅपटॉपवर स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, तेही मोफतच. डोळे मिटून की-बोर्ड चाचपताना आता तो घाबरत होता. मी त्याच्या बोटांवर बोटं ठेवली. यंत्राचा कोरडा मराठी आवाज एकेक अक्षर उच्चारत राहिला. आम्ही दोघं रडत होतो, आणि त्या आवाजाला त्याचा पत्ताच नव्हता.

वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर भाऊ त्याला न्यायला आला होता. निघताना प्रज्ञेशने सगळ्यांदेखत माझ्या कपाळावरून, भुवईवरून, हनुवटीवरून बोटं फिरवली.

"लोक बघताहेत," मी पुटपुटले.

"बघू देत. मीही बघतोय."

गाडी हलली. खिडकीतून त्याने हात हलवला... मी उभी नव्हतेच, त्या बाजूला.

मीही हात हलवला, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.